ऋतूंच्या चालीने शाळेचे वर्ष: शिक्षकांनी थकवा साठू न देण्याची रीत

महाराष्ट्रातल्या राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात उन्हाचा कडाका पाहून आणखी काही दिवस उशिरा, आणि मेच्या आरंभी निकाल वाटून बंद होतात. या साडेदहा महिन्यांत शिक्षकावर येणारा भार सारखा नसतो, हे आपण सगळेच जाणतो. त्या भाराखाली राबणाऱ्या शरीराची ताकदही वर्षभर सारखी नसते, याचा हिशोब मात्र कोणत्याच वहीत धरलेला नसतो. वार्षिक नियोजन, घटक नियोजन, रोजचे टाचण असे सगळे कागद आपण मुलांसाठी आणि तपासणीसाठी नेटाने लिहितो. स्वतःच्या शक्तीचे नियोजन लिहून ठेवणारा शिक्षक मी फार क्वचित पाहिला आहे. मी स्वतः सव्वीस वर्षे शिकवते आहे. त्यांतली पहिली सात कोकणातल्या एका द्विशिक्षकी शाळेत गेली आणि बाकीची देशावर. असे नियोजन कसे करावे, याची या वर्षांत हळूहळू बसत गेलेली रीत येथे मांडते.

अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथाच्या सूत्रस्थानातला, म्हणजे पहिल्या भागातला, तिसरा अध्याय ऋतुचर्येचा, म्हणजे ऋतूप्रमाणे कसे राहावे-वागावे याचा, आहे. माणसाचे बळ थंडीत सर्वांत जास्त असते, पावसाळ्यात आणि कडक उन्हाळ्यात सर्वांत कमी असते आणि उरलेल्या दोन ऋतूंत मध्यम असते, असे ग्रंथकार वाग्भटाने त्यात मोजक्या शब्दांत सांगितले आहे. हे वाक्य शाळेच्या वर्षाशेजारी ठेवून पाहावे. जूनमध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर, प्रवेश, पुस्तकवाटप, पटनोंदणी आणि नवा वर्ग बसवण्याचे काम असते. मार्च-एप्रिलमध्ये, ऊन तापत असताना, परीक्षा, उत्तरपत्रिका आणि निकालपत्रके असतात. बळ जेव्हा कमी, तेव्हाच मागणी सर्वांत मोठी. थकलेला शिक्षक स्वतःलाच दोष देत बसतो, पण पुष्कळदा दोष या उलट्या मांडणीचा असतो.

शाळेचे वेळापत्रक बदलणे आपल्या हाती नाही. कोणते जास्तीचे काम कोणत्या महिन्यात अंगावर घ्यायचे, कोणते पुढे सरकवायचे आणि कोणते सरळ सोडून द्यायचे, हे मात्र आपल्याला वाटते त्याहून बरेच जास्त आपल्या हाती असते. या निवडीलाच मी संथ होणे म्हणते. त्यात कामचुकारपणा नाही, आणि मुलांच्या वाट्याचे काही कमी करणेही नाही.

आधी एक कागद

सुरुवात एका जोडपानाने करावी. वहीचे मधले जोडपान उघडून त्यावर जून ते मे असे बारा उभे रकाने आखावेत आणि आडव्या चार ओळी काढाव्यात. पहिल्या ओळीत त्या त्या महिन्यात शाळा काय मागते ते लिहावे. दुसऱ्या ओळीत गेल्या वर्षी त्या महिन्यात आपली तब्येत, झोप आणि मनःस्थिती कशी होती ते लिहावे. तिसरी ओळ घराची: पेरणी, भातलावणी, गौरी-गणपती, लग्नसराई, स्वतःच्या मुलांच्या परीक्षा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे आजारपण. चौथी ओळ रिकामी ठेवावी. तिच्याकडे नंतर यायचे आहे.

दुसरी ओळ भरताना आठवणीवर विसंबू नये, कारण थकव्याची आठवण फार लवकर पुसली जाते. त्याऐवजी आपल्या रजांची नोंद काढावी. मी पहिल्यांदा हा कागद केला, तेव्हा तीन वर्षांच्या रजांच्या तारखा एका ओळीत मांडल्या आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. तिन्ही वर्षी आजारपणाची रजा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पडली होती. दर वेळी मी त्याला पावसात भिजण्याचे, नाहीतर बाहेरचे खाण्याचे कारण लावले होते. कारणे वेगवेगळी आणि तारखा तेवढ्या एकच, हे कागदावर आल्याशिवाय दिसले नव्हते.

त्याच कागदाच्या मागे एका साध्या आठवड्याचे तास मोजावेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाचे आठवड्याचे काम कमीत कमी ४५ तासांचे धरले आहे आणि तयारीचा वेळ त्या ४५ तासांतच मोजला आहे. घरी तपासलेल्या वह्या, रात्री भरलेली ऑनलाइन माहिती, पालकांचे फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या सूचनांना दिलेली उत्तरे हे सगळे धरून बेरीज करावी. ती साठाच्या पुढे गेली, तर चौथ्या ओळीत काय लिहायचे ते आपोआप सुचू लागेल. या ओळीत त्या महिन्यात सोडायचे किंवा पुढे ढकलायचे काम लिहायचे असते, प्रत्येक महिन्यासाठी निदान एक. सीबीएसईच्या शाळांत वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, त्यामुळे तेथल्या शिक्षकांचा कागद वेगळा दिसेल, पण आखण्याची रीत हीच राहील.

ऋतू बदलण्याचा पंधरवडा

जुन्या वैद्यकातली एक कल्पना शिक्षकांच्या फार उपयोगाची आहे. सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस मिळून ऋतुसंधी होतो, आणि त्या काळात जुनी चर्या हळूहळू सोडून नवी हळूहळू धरायची असते. एका रात्रीत काहीही बदलायचे नसते. आपण नेमके याच्या उलट वागतो. निकालाच्या दिवसापर्यंत धावतो आणि दुसऱ्या दिवशी लग्नाच्या गाडीत बसतो; मेअखेरपर्यंत सकाळी उशिरा उठतो आणि शाळा उघडते त्या दिवशी पहाटे पाचचा गजर लावतो. सुट्टी लागली की पहिले तीन दिवस तापाने अंथरूण धरणारे कितीतरी शिक्षक मला माहीत आहेत, आणि मीही त्यांतलीच होते.

म्हणून वर्षाच्या कागदावर चार पंधरवडे रंगीत पेन्सिलीने अधोरेखित करावेत: शाळा उघडण्याच्या आगेमागचा, पाऊस सरून ऑक्टोबरचे ऊन लागते तो, थंडी उतरून सकाळची शाळा सुरू होते तो, आणि सुट्टी लागते तो. या पंधरवड्यांत नवीन उपक्रम हाती घेऊ नये, नवे पद स्वीकारू नये आणि घरात रंगकाम काढू नये. झोपण्या-उठण्याची वेळ एकदम तासाने न बदलता रोज दहा-पंधरा मिनिटांनी सरकवावी. एवढे पाळले, तरी पुढचे दोन महिने हलके जातात, हे मी स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर पाहिले आहे.

पंचांगातले ऋतू आणि खिडकीबाहेरचे ऋतू नेहमी जुळतात असे नाही. चैत्र-वैशाख हा पुस्तकातला वसंत असला, तरी चंद्रपूर-नागपूरकडे तेव्हा पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असतो, आणि ग्रीष्मातला ज्येष्ठ संपायच्या आत कोकणात छत्र्या उघडलेल्या असतात. आपल्या गावच्या हवेकडे पाहून पंधरवडा ठरवावा.

पावसाळा

कोकणातल्या माझ्या पहिल्या शाळेला पत्र्याचे छप्पर होते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैतली जोराची सर पत्र्यावर आली की पहिल्या बाकावरच्या मुलाला माझा शब्द ऐकू जात नसे. पहिली दोन वर्षे मी त्या आवाजावर आवाज चढवून शिकवले, आणि दोन्ही वर्षी ऑगस्टमध्ये माझा घसा पूर्ण बसला. तिसऱ्या वर्षी माझ्या सहकारी बाईंनी, ज्या त्या शाळेत माझ्याआधी बारा वर्षे होत्या, मला खिडकीजवळ बोलावून सांगितले, ‘‘अहो, पाऊस बोलतोय तोवर आपण बोलायचं नाही. त्याचं झालं की आपलं.’’ त्यांच्या वर्गात सर आली की मुले आपसूक वाचनाची पुस्तके काढत, चित्रे काढत, पाढे लिहीत किंवा नुसती दाराशी बसून पागोळ्या पाहत. सर ओसरली की त्या हलक्या आवाजात, जिथे थांबल्या होत्या तिथून पुढे सुरू करत. वर्षाअखेरीस त्यांचा अभ्यासक्रम माझ्याआधी पूर्ण झालेला होता.

पावसाळ्याच्या संथपणाचा हा धडा मी पुढे सगळीकडे वापरला. पावसाच्या दिवसांसाठी बिनबोलीच्या कामांची एक पिशवी वर्गात तयार ठेवावी: शब्दकोड्यांचे कागद, वाचनकार्डे, नकाशे भरणे, मुलांनी एकमेकांच्या वह्या पाहणे. दिवसातल्या तासिकांपैकी एकीत तरी शिक्षकाचा आवाज लागू नये, असे वेळापत्रक या महिन्यांत लावावे. आवाज हेच आपले मुख्य अवजार आहे, आणि त्याची काळजी घेण्याचे शिक्षण डी.एड.ला असताना कोणी दिल्याचे मला आठवत नाही. घसा बसल्यावर कुजबुजत बोलू नये, कारण जोर लावून कुजबुजल्यानेही स्वरतंतूंवर ताण येतो. थोडे आणि नेहमीच्या हलक्या आवाजात बोलावे. तासांच्या मधे घोट घोट पाणी प्यावे, वारंवार खाकरून घसा साफ करण्याची सवय मोडावी. आवाजाचा घोगरेपणा तीन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला, तर घरगुती उपाय थांबवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

पावसाळ्यात भूक मंदावते. शाळेच्या गडबडीत सकाळी काही न खाता जाणे आणि दुपारी गार झालेला डबा घाईघाईने संपवणे, ही या ऋतूत सर्वांत महागात पडणारी सवय आहे. गरम पाण्याची किंवा सुंठ घातलेल्या ताकाच्या कढीची एक छोटी बाटली सोबत ठेवावी आणि मधल्या सुट्टीतली पहिली दहा मिनिटे जेवणाखेरीज दुसऱ्या कशालाही देऊ नयेत. आहार वाटपाची देखरेख असलेल्या शाळांत हे कठीण आहे, म्हणून तिथे दोघांनी आळीपाळीने जेवावे. ओल्या साडीत किंवा ओल्या बुटांत सहा तास काढू नयेत. कपड्यांचा एक कोरडा जोड आणि चपला शाळेच्या कपाटात जूनमध्येच नेऊन ठेवाव्यात.

याच काळात माझ्या माहेरचा एक प्रघात मला नेहमी आठवतो. माझे वडील शेतकरी. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ते बैलांची खांदेमळणी करत: जू घासून घासून निबर झालेले खांदे कोमट पाण्याने शेकायचे, मग हळद आणि तूप एकत्र करून तळहाताने सावकाश चोळायचे. बैल मान खाली घालून, डोळे अर्धे मिटून उभा राही. मग वडील त्याच्या कानाशी म्हणत, ‘‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’’ दुसऱ्या दिवशी बैलाच्या खांद्यावर काहीही ठेवायचे नाही, हा नियम घरात कोणीही मोडत नसे. पोळा येतो श्रावणी अमावास्येला, म्हणजे पेरणी-कोळपणी आटोपली आहे आणि काढणी अजून पुढे आहे, अशा वर्षाच्या मध्यावर. सगळे काम संपल्यावर विश्रांती, असा हिशोब त्यात नाही.

आपणही दर महिन्यात एक संध्याकाळ अशी ठरवावी. कॅलेंडरवर आधीच खूण करावी, घरच्यांना सांगून ठेवावे आणि त्या संध्याकाळी वह्या घरी आणू नयेत, फोन बाजूला ठेवावा, मान-खांद्यांना तेल लावून कोमट पाण्याने अंघोळ करावी आणि लवकर झोपावे. महिना जड गेला म्हणून ती संध्याकाळ रद्द करू नये. जड महिन्यासाठीच ती असते.

सप्टेंबरमध्ये शिक्षकदिन, गणपती, घटक चाचण्या आणि महिनाअखेरचा पट धरून यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदप्रणालीत भरायची माहिती हे सगळे एकाच वेळी अंगावर येते. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात मुलांची आधार-नोंद, पालकांचे संपर्क आणि बँकेचे तपशील एका वहीत नीट उतरवून ठेवले, तर सप्टेंबरची बरीच धावपळ टळते. एवढे एकच काम मी जुलैत मुद्दाम ओढून घेते.

दिवाळीच्या आगेमागे

ऑक्टोबरचे ऊन अंगाला खटकते, त्यातच प्रथम सत्राच्या परीक्षा येतात. या दिवसांत चिडचिड वाढते, ती आपलीही आणि मुलांचीही. वाद घालण्याचे आणि मोठे निर्णय घेण्याचे काम दिवाळीनंतरवर ठेवणे उत्तम. उत्तरपत्रिका सुट्टीत घरी नेऊ नयेत. त्यासाठी पेपर काढतानाच तपासणीचा विचार करावा: प्रत्येक विषयात लांब उत्तरांचे प्रश्न मोजकेच ठेवावेत आणि परीक्षेच्या त्याच दिवशी त्या दिवसाचा गठ्ठा निम्मा तरी संपवावा.

दिवाळीची सुट्टी शिक्षिकांना बहुधा विश्रांतीची नसतेच. साफसफाई, फराळ, पाहुणे आणि माहेर यांत ती संपते आणि शाळा उघडते तेव्हा बाई आधीपेक्षा जास्त दमलेल्या असतात. येथे मला अगदी सरळ सांगायचे आहे: घरात फराळाचे सगळे पदार्थ एकटीने करण्याचा हट्ट सोडावा, आणि घरातल्या पुरुषांनी झाडलोट व बाजारहाट पूर्णपणे आपल्याकडे घ्यावी. सुट्टीचे शेवटचे तीन दिवस पाहुणे आणि प्रवास यांपासून मोकळे ठेवावेत. दिवाळीच्या आधी हे घरात बोलून ठरवले नाही, तर नंतर ठरत नाही.

थंडी: कामाचा खरा हंगाम

दिवाळीनंतरचे दोन-अडीच महिने हा शिक्षकाचा सर्वांत बळाचा काळ. भूक चांगली लागते, झोप गाढ लागते, मुलेही ताजीतवानी असतात. म्हणून कष्टाची सगळी कामे येथे आणून ठेवावीत. पाठ्यपुस्तकातले सर्वांत अवघड घटक, मागे पडलेल्या मुलांसाठी जादा तास, प्रकल्प, शिष्यवृत्तीच्या मुलांचा कसून सराव, आणि पुढच्या परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांचे आराखडेसुद्धा. जानेवारीत लिहून ठेवलेली एप्रिलची प्रश्नपत्रिका ही स्वतःला दिलेली मोठी भेट असते.

मात्र या काळालाही वेढा पडलेला असतो. क्रीडा स्पर्धा, सहल आणि स्नेहसंमेलन ही सगळी डिसेंबर-जानेवारीतच येतात. त्यांत मुलांचा आनंद आहे आणि तो मलाही प्रिय आहे. पण स्नेहसंमेलनातली बावीस नृत्ये चौदावर आणली, तर मुलांचे काही बिघडत नाही, आणि नाच बसवणाऱ्या तीन शिक्षिकांचे तीन आठवडे वाचतात. या काळात मी वर्षातून एकदा स्वतःला विचारते, की या वर्षीचा कोणता कार्यक्रम केवळ गेल्या वर्षी झाला म्हणून होतो आहे.

डिसेंबरच्या उत्तरार्धात आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा असतो आणि जूनमध्ये तोच सव्वातेरा तासांच्या आसपास जातो. थंडीत पाच वाजता शाळा सुटल्यावर कामासाठी तासभर थांबले, की घरी पोचेपर्यंत अंधार होतो आणि सूर्य पाहायला मिळतो तो फक्त वर्गाच्या खिडकीतून. म्हणून या दिवसांत कागदाचे काम सकाळी करावे आणि संध्याकाळी उजेड असताना अर्धा तास चालावे. तिळाचे, बाजरीचे, गुळाचे खाणे आपल्या संक्रांतीत आहेच. थंडीत खाणे-पिणे तोडून वजन उतरवण्याचे बेत आखू नयेत.

परीक्षा आणि ऊन

फेब्रुवारी-मार्च हा घसरणीचा काळ. बोर्डाच्या परीक्षांचे पर्यवेक्षण, परीक्षक असणाऱ्यांना गठ्ठे, त्यांच्या मागोमाग शाळेच्या परीक्षा आणि त्यातच पंख्याखालीही घाम. चौथ्या ओळीतली बहुतेक कामे याच महिन्यांत सोडायची असतात. नवीन वाचन, प्रशिक्षणाची स्वेच्छेने भरलेली नावे, समाजातली भाषणे, घरचे कार्यक्रम: जे जे टाळता येईल ते टाळावे.

उत्तरपत्रिका तपासण्याची माझी पद्धत अशी आहे. पहाटे साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर एक तास, एवढेच तपासायचे, दुपारी नाही. एका बैठकीत सगळ्या मुलांचा एकच प्रश्न तपासायचा, त्यामुळे डोक्याला दर पानावर नवा विचार करावा लागत नाही आणि गुणही एकसारखे पडतात. पंचवीस उत्तरपत्रिका झाल्या की उठायचे, डोळ्यांवर गार पाणी मारायचे आणि लांबचे झाड पाहायचे. रात्री नऊनंतर लाल पेन हातात घ्यायचे नाही. दुपारी, शाळा सकाळची असल्यामुळे, अर्धा तास आडवे व्हावे. एरवी दिवसा झोपू नये असे सांगणारी ऋतुचर्या उन्हाळ्यात मात्र दिवसा झोपायला परवानगी देते, कारण रात्री लहान झालेल्या असतात.

एका गोष्टीबद्दल मोकळेपणाने बोलले जात नाही, पण बोलायला हवे. शाळेत स्वच्छ स्वच्छतागृह नाही म्हणून कितीतरी शिक्षिका दिवसभर पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यात त्यातून डोकेदुखी, चक्कर आणि लघवीचा संसर्ग होतो, आणि वर्षानुवर्षे हे चालले की तब्येत कायमची बिघडते. हा वैयक्तिक सवयीचा प्रश्न समजू नये. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय लेखी मांडावा, इतिवृत्तात नोंदवून घ्यावा आणि दुरुस्ती होईपर्यंत दर बैठकीत विचारावा.

एकट्याने संथ होता येत नाही

द्विशिक्षकी शाळेत एकाने रजा घेतली, की दुसऱ्याला पहिली ते चौथीचे चारही वर्ग सांभाळावे लागतात. एकाची विश्रांती दुसऱ्याच्या डोक्यावर पडू नये असे वाटत असेल, तर हा कागद शाळेत एकत्र बसून भरायला हवा. मुख्याध्यापकांनी जूनच्या पहिल्या बैठकीत त्यासाठी एक तास ठेवावा. प्रत्येकाचा जड महिना वेगळा निघतो: कोणाकडे भातलावणी असते, कोणाचे मूल दहावीला असते, कोणाला दर पावसाळ्यात दम्याचा त्रास असतो. हे एकमेकांना माहीत असले, की कामाची अदलाबदल मागावी लागत नाही, ती आपणहून होते.

मुख्याध्यापकांच्या हातात आणखी काही गोष्टी आहेत, आणि त्यांना पैसा लागत नाही. ऑनलाइन माहिती भरण्यासाठी आठवड्यातला एक ठरावीक दिवस ठेवावा आणि ‘तातडीने’ हा शब्द खरोखर तातडी असेल तेव्हाच पुढे पाठवावा. संध्याकाळी सहानंतर आलेली वरिष्ठांची सूचना गटावर न टाकता दुसऱ्या दिवशी सकाळी सांगावी. मार्च-एप्रिलमध्ये कोणालाही सलग तीनपेक्षा जास्त तासिका येणार नाहीत असे वेळापत्रक लावावे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकांना जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका यांखेरीज इतर अशैक्षणिक कामे देता येत नाहीत. ही तरतूद मुख्याध्यापकांनी माहीत ठेवून वेळप्रसंगी नम्रपणे पुढे करावी. जनगणनेचे किंवा निवडणुकीचे काम ज्या वर्षी येईल, त्या वर्षी शाळेचा एखादा मोठा उपक्रम सरळ वगळावा.

शिक्षणसेवक, तासिका तत्त्वावर काम करणारे आणि खाजगी शाळांतले तरुण शिक्षक यांना ‘नाही’ म्हणणे अवघड असते, कारण नोकरीच टांगणीला असते. त्यांना माझे सांगणे वेगळे आहे. मोठे काही सोडता येत नसेल, तर झोपेचे सात तास, मधल्या सुट्टीतली जेवणाची दहा मिनिटे आणि महिन्याची ती एक संध्याकाळ एवढ्यांना हात लागू देऊ नका. त्यांच्या वतीने बोलण्याची जबाबदारी मात्र आम्हा जुन्या शिक्षकांची आहे, आणि ती आम्ही पुरेशी उचललेली नाही.

येथे एक सावधगिरीही सांगायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या आपल्या अकराव्या वर्गीकरणात कामाच्या न निवळलेल्या ताणातून येणाऱ्या पराकोटीच्या थकव्याची नोंद केली, तेव्हा त्याची तीन लक्षणे सांगितली: शक्ती संपून जाणे, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि कामाची कुवत घटल्यासारखी वाटणे. मुलांचा आवाज नकोसा वाटू लागला, आवडता पाठही ओझे वाटू लागला, सुट्टी घेऊनही झोप येईना किंवा जगण्याविषयी निराशेचे विचार येऊ लागले, तर ऋतू बदलण्याची वाट पाहू नये. डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि रात्रंदिवस चालू असतो. शिक्षकांच्या खोलीतल्या भिंतीवर तो लिहून ठेवावा. ज्याला लागेल त्याला विचारायला न लागता दिसेल.

मे

मार्च-एप्रिलमध्ये नांगरून ठेवलेले रान माझे वडील पाऊस येईपर्यंत तसेच तापू देत. ढेकळे उन्हात भाजत पडलेली असत आणि त्यात कोणी काही पेरत नसे. मेचा पहिला पंधरवडा मी तसाच ठेवते. शिबिर नाही, अभ्यासक्रम नाही, घराचे रंगकाम नाही. पहिले चार-पाच दिवस मन बेचैन होते आणि काहीतरी करायला हवे असे सारखे वाटते. ते वाटू द्यावे. आठव्या-दहाव्या दिवसाच्या सुमारास एखाद्या दुपारी आपण आपल्या मर्जीने एखादे पुस्तक उघडलेले असते, किंवा शेजारच्या मुलाला उगीचच काहीतरी समजावून सांगत बसलेलो असतो. तेथून पुढे प्रवास, लग्ने आणि वाचन यांना वाव द्यावा.

मेच्या शेवटच्या आठवड्यात जुने जोडपान काढावे. दुसरी ओळ या वर्षाच्या नोंदींनी नव्याने भरावी, चौथ्या ओळीतली कोणती कामे खरोखर सुटली आणि कोणती पुन्हा येऊन चिकटली त्यांवर खुणा कराव्यात. मग रोज पंधरा मिनिटे लवकर उठायला सुरुवात करावी, कोरड्या कपड्यांचा जोड पिशवीत भरावा, आणि नव्या पानावर जूनच्या रकान्यात सर्वांत आधी खांदेमळणीच्या संध्याकाळची तारीख लिहावी.